राणीचा रंग

उतारवयात माणसाला कोणता तरी छंद जडतोच. कुणी गुलाबाची कलमे करतो, कुणी होमिओपथीची पेटी बाळगतो, कुणी वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. मी आगगाडीचे डबे करतो. खऱ्या डब्यांसाठी पेरांबूरचा कारखाना समर्थ आहे. माझे डबे वीतभर लांबीचे, पत्र्याचे, पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टिकचे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे. त्यांना खिडक्या असतात, खिडक्यांना गज असतात, पायऱ्या असतात, छपरावर हवेच्या झडपा असतात. फक्त उतारू नसतात. त्यामुळे माझ्या गाड्या नेहमी वेळेवर सुटतात.

हा छंद निरुपद्रवी आहे असे घरच्यांचे मत आहे. त्याची एकच बाजू त्यांना सोसवत नाही, ती म्हणजे रंग. डबा आठ दिवसांत तयार होतो आणि मग त्याला कोणता रंग द्यायचा या विचारात तो आठ महिने तसाच, करड्या अस्तराच्या रंगात, खिडकीत पडून राहतो. आमचे शेजारी परवा म्हणाले, “अहो, निळा काय आणि हिरवा काय! धावला म्हणजे झालं. शेवटी खेळणंच ना ते?”

शेजारी भला माणूस आहे. त्याला तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही, कारण उत्तर लांबचे आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ते पुरेल, म्हणून इथे देतो.

मुळात ही आगगाडी खेळणेच होती. जर्मनीतल्या मर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली आणि तिच्याबरोबर जोडता येतील, वाढवता येतील असे ठरावीक मापाचे रूळ मांडले. तिथून हा छंद पसरला. इंग्लंडात मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली आपल्या गाड्या काढल्या. १९२३ साली तिथल्या शंभरावर रेल्वे कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या, तेव्हा हॉर्नबीच्या कारखान्याने मोठी सोय केली. इंजिन एकच; तेच कधी लाल, कधी हिरवे असे चारही कंपन्यांच्या रंगांत मिळू लागले. तसे इंजिन चौघींपैकी एकीच्याही रुळांवर कधी धावले नव्हते. पण मुलांची तक्रार नव्हती. ज्याचा बाप ज्या कंपनीच्या गाडीने कामावर जाई, त्या कंपनीचा रंग त्याला मिळाला की तो खूश.

तक्रार सुरू झाली ती ही मुले मोठी झाल्यावर. माणूस मोठा झाला की त्याला खेळणे पुरत नाही, त्याला पुरावा लागतो. मग वाद सुरू झाले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे डबे खाली चॉकलेटी आणि वर सायीच्या रंगाचे, हे इंग्लंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण १९०८ साली त्या कंपनीने डबे नुसते तपकिरी करून टाकले, १९१२ साली ते गडद लाल केले आणि १९२२ साली पुन्हा मूळच्या चॉकलेटी-सायीवर आली. तेव्हा १९१५ सालची गाडी म्हणून कुणी चॉकलेटी डबा मांडला, तर जाणता माणूस काही बोलत नाही, चष्मा पुसतो. आमच्या छंदात चष्मा पुसणे ही मोठी शिक्षा आहे.

बरे, खरा रंग शोधावा म्हटले तर तो सापडतो कुठे? कागदपत्रांत रंगाचे नाव असते, रंग नसतो. स्ट्रॉडली नावाचे एक इंजिनिअर १८७० साली लंडन-ब्रायटन रेल्वेवर आले. त्यांनी इंजिनांना जो रंग दिला त्याचे दप्तरी नाव ‘इंजिनांचा सुधारलेला हिरवा’. हा हिरवा रंग प्रत्यक्षात पिवळा आहे. चक्क हळदीसारखा, थोडा मातकट. त्यांचे ‘ग्लॅडस्टन’ नावाचे इंजिन यॉर्कच्या संग्रहालयात त्या रंगात उभे आहे. शंका असेल त्याने पाहून यावे. स्ट्रॉडलीसाहेबांना रंगांधळेपणा होता अशी एक दंतकथा लोक मोठ्या आवडीने सांगतात. ते काही असो. नुसत्या दप्तरावर विसंबून ज्याने डबी आणली, त्याचे इंजिन पोपटी झाले असते, एवढे खरे.

मग छायाचित्रे पाहावीत. इथे तर दुसराच घोटाळा आहे. जुन्या काळी पुष्कळशी छायाचित्रे ज्या काचांवर आणि फिल्मवर निघत, त्यांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे ते काळे उमटे. उलट निळे फार लवकर दिसे, म्हणून निळे उजळ उमटे. जुन्या छायाचित्रांत आभाळ पांढरेफटक असते ते याचमुळे. पिवळाही डोळ्यांना दिसतो त्याहून गडद उतरे. म्हणजे चित्र खरे, कॅमेरा खरा, आणि तरी रंगांची उतरंड उलटीपालटी. हा मुद्दा वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. पुढे तो आमच्या घरात येणार आहे.

आणि समजा, खऱ्या डब्यावरचा रंगाचा पोपडाच हाती लागला, तरी भागत नाही. वर रोगण असते, ते वर्षांनी पिवळे पडते; निळ्यावर पिवळी झाक आली की त्याचा हिरवट होतो. शिवाय मोठ्या भिंतीवर जो रंग उजळ दिसतो, तोच वीतभर डब्यावर, घरातल्या दिव्याखाली, काळवंडलेला दिसतो. म्हणून जाणते लोक मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. तंतोतंत तोच रंग लावला तर तो चुकीचा दिसतो आणि थोडा चुकवला तर बरोबर दिसतो. बायकोला हे समजावून सांगताना मला नेहमी घाम फुटतो.

पण या सगळ्या खटपटीतून एक गोष्ट मला उमगली. गाडीचा रंग हा नुसता रंग नसतो, ती एक तारीख असते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगातले बहुधा सर्वांत नावाजलेले वाफेचे इंजिन. १९२३ साली ते तयार झाले, पुढच्या वर्षी त्याला ४४७२ हा क्रमांक मिळाला आणि कोवळ्या सफरचंदाचा हिरवा रंग त्याच्या अंगावर होता. महायुद्धात ते काळे झाले. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर त्याचा क्रमांक ६०१०३ झाला, रंग गडद हिरवा झाला, आणि १९६१ साली धूर वर उडवण्यासाठी त्याच्या तोंडाशी दोन बाजूंना पत्रे बसले. आता जर कुणी सफरचंदी हिरव्या ४४७२ ला ते पत्रे लावून १९३० सालच्या फलाटावर उभे केले, तर त्यातली प्रत्येक वस्तू खरी आहे. रंग खरा, क्रमांक खरा, पत्रे खरे. फक्त ते इंजिन खोटे आहे. तसा दिवस कधी उगवलाच नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. डेक्कन क्वीन ओढणाऱ्या पहिल्या विजेच्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर ‘सर रॉजर लम्ले’ अशी पाटी आहे. नमुना करणारा उत्साही माणूस पाटीसकट सगळे उतरवून घेतो आणि खाली लिहितो, ‘१९३०’. पण लम्लेसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ साली! त्यांच्या नावाची पाटी सात वर्षे आधी इंजिनावर कशी येईल?

अशा खुणा आपल्या गाड्यांवर जागोजाग आहेत. डब्यावर ‘जी.आय.पी.’ असेल तर तो ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. दारावर तिसऱ्या वर्गाच्या तीन उभ्या रेघा असतील तर तो १९७४ च्या आधीचा, कारण त्या साली तिसरा वर्ग नावापुरता का होईना, संपला. पाटीवर ‘व्ही.टी.’ असेल तर १९९६ च्या आधीची. गेल्या शतकाच्या अखेरीस एकाच यार्डात तांबडे आणि निळे डबे उभे असत. लोकांना वाटे, रेल्वेला रंग पुरला नसावा. खरे म्हणजे तांबडे ते व्हॅक्यूम ब्रेकचे आणि निळे ते दाबलेल्या हवेच्या ब्रेकचे. निळा डबा करून त्याला व्हॅक्यूमची जाडी नळी जोडणारा माणूस हा, आमच्या जातकुळीत, पंचांग न पाहता मुहूर्त काढणाऱ्या भटजीसारखा आहे.

“मग रूळ?” शेजाऱ्याने मला इथे पकडले. तो दिसतो त्यापेक्षा हुशार आहे. आपली मोठी लाईन १६७६ मिलिमीटर रुंद. तिचा सत्त्याऐंशीवा हिस्सा सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. बाजारात मिळणारे तयार रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे. ते युरोपातल्या अरुंद लाईनीच्या हिशेबाने केलेले. म्हणजे माझ्या सगळ्या गाड्या रुळांपाशी पावणेतीन मिलिमीटर आखडलेल्या आहेत. हे मी लपवत नाही. इंग्रज तर आपल्या स्वतःच्याच लाईनीवर असा अन्याय करून बसले आहेत. त्यांचा नमुना चार मिलिमीटरला एक फूट या मापाचा आणि रूळ मात्र साडेसोळाचेच, म्हणजे त्या हिशेबाने चार फूट दीड इंच, जेव्हा खरी लाईन आहे चार फूट साडेआठ इंच. तडजोड सगळ्यांनाच करावी लागते. ती उघड्यावर केली आणि पाहणाऱ्याला सांगितली, तर तिच्यात फसवणूक नसते. रंगाचे तसे नाही. साडेसोळाचा रूळ पाहून कुणी म्हणत नाही की डेक्कन क्वीन अरुंद लाईनीवर धावत होती. पण डबा पाहून माणूस निश्चित म्हणतो की ती अशी होती. पाहणारा रंगावर विश्वास टाकतो.

आता डेक्कन क्वीनकडे येतो, म्हणजे घरात येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सारा जन्म वाईला शिक्षक होते. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, कुलाबा जिल्ह्यात दिली होती. भाऊबीजेला अण्णा आम्हाला घेऊन तिच्याकडे जात. ओवाळणी होई, ताटात करंज्या पडत आणि मग वर्षानुवर्षे न चुकता एक भांडण होई. डेक्कन क्वीन कोणत्या रंगाची होती?

अण्णांनी ती पाहिली होती १९३७ साली. मॅट्रिकच्या परीक्षेला ते पुण्याला गेले होते, तेव्हा मुद्दाम स्टेशनावर जाऊन पाहिली. रुपेरी अंग आणि त्यावर लाल पट्ट्या. आत्याने पाहिली होती १९३२ साली. लग्न होऊन ती सासरी निघाली होती. यजमान नेरळच्या बाजूला शाळामास्तर होते. संध्याकाळी बैलगाडी फाटकाशी अडली आणि समोरून राणी गेली. निळी, आणि तिच्या अंगावर सोन्याची रेघ. पुढल्या वर्षी यजमानांची बदली अलिबागेकडे झाली आणि आत्याला ती गाडी पुन्हा दिसली नाही.

“आक्का,” अण्णा म्हणत, “गाडी रुपेरीच. तू पाहिलीस ती संध्याकाळी. रुपेरी रंगावर संध्याकाळचं आभाळ पडलं की तो निळा दिसतो. शास्त्र आहे ते.”

“आणि सोन्याची रेघ?” आत्या पोळपाटावरून मान वर न करता विचारी. “तीही आभाळातून पडली होय रे?”

अण्णांकडे आणखी एक हुकमी पान होते. कोणत्याशा जुन्या मासिकातले एक कात्रण त्यांनी जपून ठेवले होते. डेक्कन क्वीनचे छायाचित्र. फिकट डबे आणि त्यावर गडद पट्ट्या. ते ताटाशेजारी मांडून ते म्हणत, “हे काय? रुपेरी डबे, लाल पट्ट्या. कॅमेरा काही खोटं बोलत नाही.” आत्या कात्रणाकडे पाही, काही न बोलता पाही, आणि म्हणे, “वाढू का आणखी एक करंजी?” आम्ही मुले दोघांच्याही बाजूची होतो, कारण चकल्या दोघांच्याही हातून मिळत.

पण मोठी माणसे अण्णांच्या बाजूची होती. अण्णा मॅट्रिक झालेले, मास्तर, पुण्याचे स्टेशन प्रत्यक्ष पाहून आलेले, आणि हातात कागद. आत्या मराठी चौथीपर्यंत शिकलेली, सोळा वर्षांची पोर, डोळ्यांत सासरी जायचे पाणी. तिच्या निळ्या गाडीची घरात एक म्हणच झाली. कुणी थोडे वाढवून सांगू लागला की दुसरा म्हणे, “बघ हं, तुझीही आत्याची निळी गाडी होईल!” आत्याही हसत असे. हसता हसता एकदा, अगदी म्हातारपणी, ती मला म्हणाली, “अरे, माझं सगळं चुकेल. पण त्या दिवशी मी दुसरं काही बघतच नव्हते.” अण्णा १९८९ साली गेले, आत्या १९९४ साली. भांडण त्यांच्याबरोबर मिटले असे सर्वांना वाटले.

निवृत्तीनंतर मी हा छंद धरला आणि पहिला नवस केला तो अण्णांच्या रुपेरी गाडीचा. सात डबे करायचे. माहिती गोळा करू लागलो, तेव्हा रेल्वेनेच प्रसिद्ध केलेला डेक्कन क्वीनचा इतिहास वाचनात आला. गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. डब्यांच्या खालचे सांगाडे इंग्लंडातून आले आणि वरचे डबे जी.आय.पी.च्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिला लाल पट्ट्या. दुसरी रॉयल ब्ल्यू, म्हणजे गडद निळी, तिला सोनेरी रेषा.

दोन गाड्या होत्या! एकच नाव, एकच मार्ग, आणि दोन रंग. मी ते वाक्य पुन्हा वाचले. मग चष्मा काढून पुसला, पण या वेळी कुणाला शिक्षा म्हणून नव्हे.

अण्णांनी रुपेरी पाहिली होती. आत्याने निळी पाहिली होती. पन्नासेक भाऊबिजा दोघेही खरे बोलत होते. आणि ते हुकमी कात्रण? निळे फिकट उमटते, तांबडे काळे उमटते, पिवळे गडद उतरते. रुपेरी डब्यांवरच्या लाल पट्ट्या त्यात फिकटावर गडद दिसणार, आणि निळ्या डब्यांवरच्या सोनेरी रेषाही उलटून फिकटावर गडद दिसू शकणार. अण्णांनी पुरावा म्हणून जो कागद जन्मभर जपला, तो दोघांपैकी कुणाच्याच बाजूचा नव्हता. साक्ष द्यायला खरी होती ती आत्याची रेघ. निळा रंग आभाळातून पडू शकतो; सोनेरी रेघ पडत नाही. ती पाहावीच लागते.

या गाडीविषयी आणखी एक गोष्ट वाचली आणि ती मला जास्त लागली. सुरुवातीला डेक्कन क्वीनला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग तिला पहिल्यांदा जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही राणी अण्णांच्या आणि आत्याच्या डोळ्यांसमोरून जात होती आणि तिच्यात त्यांना पाय ठेवता येत नव्हता. मग माझ्या ध्यानात आले की गाडीचा रंग आत बसणाऱ्यासाठी नसतोच. आत बसणाऱ्याला गादी दिसते, पंखा दिसतो, चहाची कपबशी दिसते. डब्याबाहेरचा रंग त्याला चढताना दिसला तर दिसला. रंग असतो तो बाहेर उभे राहणाऱ्यांसाठी. फाटकाशी थांबलेल्या बैलगाडीसाठी, शेतातल्या बाईसाठी, मॅट्रिकच्या पोरासाठी. त्यांना गाडीतले दुसरे काही मिळत नाही, तेवढा एक रंग मिळतो. आणि तो ते साठ वर्षे सांभाळतात. कंपनीने तिकिटांचा हिशेब ठेवला, वेळापत्रके ठेवली. या माणसांनी रंग ठेवला.

शेजाऱ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. निळा काय आणि हिरवा काय, असे गाडीला म्हणता येईल. तिला काही वाटणार नाही. आत्याला म्हणता येणार नाही.

तेव्हा सात डब्यांचे चौदा झाले. बायकोने कपाळाला हात लावला, पण कपाटातली साड्यांची एक फळी रिकामी करून दिली. रुपेरी रंग सोपा वाटतो आणि फार छळतो. अस्तर जरा खरबरीत राहिले की डबा जस्ताच्या बादलीसारखा दिसतो. सोनेरी रेघेने तर माझी परीक्षाच पाहिली. खऱ्या डब्यावर अर्ध्या इंचाची रेघ धरली, तर माझ्या डब्यावर ती मिलिमीटरचा सातवा हिस्सा होते, डोक्याच्या दोन केसांएवढी. नक्षी काढायचे रूलिंग पेन, पातळ केलेला रंग आणि श्वास रोखून ओढलेला हात. अशा चौदा बाजू. सकाळी चहापूर्वी हात थरथरत नाही, म्हणून सकाळी एक बाजू, असे करत ते काम दोन आठवडे चालले.

नातवाला दोन्ही गाड्या फार आवडल्या. त्याने ताबडतोब तीन रुपेरी आणि चार निळे डबे जोडून एक सुंदर गाडी केली. मी ते हळूच सोडवले. तो म्हणाला, “आजोबा, पण छान दिसते ना?” दिसत होती, यात शंका नाही. मी त्याला सांगितले, तुझी गाडी तू कर, तिला हवे ते नाव दे, मी तिला रूळ देईन. या दोन गाड्या मात्र दोघांनी पाहिलेल्या आहेत. त्याला ते पटले असावे, कारण त्याने आपल्या गाडीसाठी जांभळा रंग मागितला आणि पाहिलेल्याचा प्रश्न मिटवून टाकला.

खऱ्या राणीने दरम्यान किती वस्त्रे बदलली! १९६६ साली पेरांबूरचे पोलादी डबे आले आणि माटुंग्याचे जुने डबे गेले. मग सायीचा आणि निळा असा एक जमाना झाला. जून २०२२ पासून ती नव्या डब्यांत हिरवा आणि लाल शालू नेसून निघते. अजूनही कुणी तरी फाटकाशी उभे असणारच. साठ वर्षांनी त्यांच्या घरी भाऊबीजेला वाद होईल, हिरवी की निळी; आणि दोघेही खरे असतील, फक्त वर्ष सांगायचे राहिले असेल.

मागच्या दिवाळीत मी एक छोटे फाटक केले. नेरळचे. लाकडी दांडा, कंदील, एक बैलगाडी, आणि गाडीत बसलेली एक बाई. उभी राहिली असती तर साडेसतरा मिलिमीटर उंच भरली असती. बैल रंगवले, गाडी रंगवली, बाई तशीच करडी ठेवली आणि आतेबहिणीला फराळाला बोलावले. ती आली. निळ्या गाडीपुढे पुष्कळ वेळ उभी राहिली. वाकून रेघ पाहिली. मग म्हणाली, “दादा, म्हणजे आई थापा मारत नव्हती.”

“नव्हती,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिला बैलगाडीतली ती बिनरंगाची बाई दिसली. मी विचारले, “आत्या त्या दिवशी काय नेसली होती, काही सांगितलं होतं का गं तुला?”

“अंजिरी लुगडं,” ती लगेच म्हणाली. “काठ पिवळा. गाडीच्या रेघेसारखा, म्हणायची.”

त्या अंजिरी लुगड्याचा कागद कोणत्याही कचेरीत नाही, छायाचित्र नाही, आणि सांगणारी ती एकटीच. मी दुसऱ्या दिवशी जाऊन अंजिरी रंगाची डबी घेऊन आलो. काठासाठी पिवळा आणावा लागला नाही. रेघेतला उरला होता.